पाळण्यात धुतलेला फोटो

रेवणसिद्धानं आतापर्यंत तीन फिल्मा मारल्या होत्या. मारल्या हा शब्द त्याच्या बायकोचा, शिवम्माचा. तो स्वतः 'बिघडल्या' म्हणायचा. पण शिवम्माचं म्हणणं, दूध आपल्याआप बिघडतं. या तुमी आपल्या हातानं मारल्या.

सोलापूर स्टेशनच्या मालधक्क्यावर तो कारकून होता. दिवसभर पोत्यांवरचे पत्ते वाचायचे आणि चुकीच्या डब्यात चढलेलं पोतं खाली उतरवायला लावायचं, एवढंच काम. होटगीचा एक गार्ड बदली होऊन निघाला तेव्हा त्याचा जुना कॅमेरा याच्या गळ्यात पडला. त्या दिवसापासून हा माणूस जेवतानासुद्धा एक डोळा मिटून समोरच्या ताटाकडं बघू लागला. फोटो काढणं त्याला चटकन जमलं. अडलं ते धुण्यापाशी.

पहिली फिल्म त्यानं औषधाच्या तबकात अलगद सोडली आणि हात जोडून गप बसला. औषधाला आपलं काम करू द्यावं, मध्येमध्ये लुडबुड करू नये, असा त्याचा सभ्य विचार. फिल्मवर सगळीकडं पट्टे पट्टे उठले. सिद्धेश्वराचं देऊळ बाजेच्या पट्ट्यांतून बघितल्यासारखं दिसत होतं. मग त्यानं औषधासोबतचा इंग्रजी कागद वाचला. सगळे वाचतात तसाच, म्हणजे नासाडी झाल्यावर. कागदात म्हटलं होतं की औषध फिल्मला लागतं तिथंच थकतं, म्हणून ते हलवत राहावं. हळूच, न थांबता, आणि एकाच दिशेनं नव्हे.

हलवायचंच तर चांगलं हलवू, म्हणून दुसरी फिल्म त्यानं ताक घुसळावं तशी घुसळली. औषधाला फेस आला, फेसाचे बुडबुडे फिल्मला चिकटून बसले आणि जिथं बुडबुडा तिथं औषध पोचलंच नाही. त्या फिल्मवर मालधक्क्याची सगळी मंडळी होती. सगळ्यांना एकदम देवी आल्यासारखे वण उठले, आणि मोठ्या साहेबांच्या नाकाच्या जागी तर एक वाटोळं भोकच आलं. साहेबांनी फोटोची चौकशी केली की रेवणसिद्ध अजूनही विषय पावसापाण्याकडं नेतो.

तिसऱ्या वेळी त्यानं जाणकारांची रीत धरली. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि रहाटाच्या दोरीसारखी वरखाली करत ती औषधातून फिरवत राहायची. दहा मिनिटं. चौथ्या मिनिटाला खांदे भरून आले. सहाव्या मिनिटाला नाकाला खाज सुटली. त्यानं ती खांद्यानं घालवायचा प्रयत्न केला, एक टोक सुटलं, फिल्मची सुरळी झाली आणि ती त्याच्या सदऱ्याला पाठीमागून जी चिकटली ती ओरबाडूनच काढावी लागली. त्या फिल्मवर शिवम्माच्या भावाचं लग्न होतं. त्यानंतर आठ दिवस त्याला भाकरी मिळाली, पण भाकरीशेजारी चटणी मिळाली नाही.

एवढं होऊनही चौथी फिल्म आली, आणि तिच्यावर दोड्डव्वा होती.

दोड्डव्वा म्हणजे त्याच्या आईची थोरली बहीण, चंद्रव्वा. अक्कलकोटच्या पलीकडं तिचं घर. नवरा मल्लप्पा, दोन बैल आणि जोंधळ्याचं रान. रेवणसिद्धाची आई गुरम्मा तो वर्षाचा असताना तापानं गेली, आणि त्याला वाढवलं ते दोड्डव्वानं. आईचा फोटो नव्हता. असणार कुठून? आणि वर्षाच्या पोराला चेहरा आठवत नाही. मोठेपणी त्यानं दोड्डव्वाला विचारलं, आई कशी होती? ती म्हणाली, "माझ्यासारकीच की. त्येच नाक, तीच हनुवटी, ही डावी भिवई अशीच वर चडल्याली. लोक आमाला दीस आणि रात म्हनायचे. ती गोरी, मी काळी, एवडाच काय तो फरक."

लहानपणी तो दोड्डव्वाच्या चेहऱ्याकडं बघून त्याला मनातल्या मनात गोरा रंग लावायचा. जमायचं नाही. रंग लागेपर्यंत ती "काय बघतूस रं भुतावानी" म्हणून पाठीत एक ठेवून द्यायची.

आता तिचे केस पांढरेशुभ्र झाले होते आणि मिश्री लावून लावून दात काळे. यंदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला ती सोलापूरला आली आणि गुडघा सुजला म्हणून पंधरा दिवस राहिली. या मुक्कामात रेवणसिद्धाला एकाएकी जाणवलं, की हा चेहराही एक दिवस जाईल आणि मग आपल्याकडं दोघींतली एकही उरणार नाही. हे जाणवलं तेव्हा तो मालधक्क्यावर एका पोत्यावर बसला होता, आणि त्याला तिथंच रडू आलं. हमालांना वाटलं, मिरचीचं पोतं फुटलं.

दोड्डव्वा फोटोला तयार नव्हती. चार दिवस विनवण्या केल्यावर तिनं अट घातली. "एकदाच काढायचा. आणि माझं तोंड परक्या बाप्याच्या पान्यात बुडवायचं न्हाय. घरात धुवायचं, माझ्यासमोर." म्हणजे बाजारातल्या फोटोवाल्याकडं फिल्म देण्याची वाट बंद. फिल्मवर सात जागा आधीच शेळ्या, चिंचेचं झाड आणि मालधक्क्याचा तराजू यांत खर्ची पडल्या होत्या. आठवी, शेवटची, दोड्डव्वाची. जवळून काढण्याचं जादा भिंग लावून त्यानं तिला अंगणात बसवलं आणि खटका दाबला. "झालं न्हवं?" म्हणून ती उठली ती उठलीच. सोमवारी सकाळच्या गाडीनं ती निघणार होती. जोंधळा काढणीला आला होता आणि मल्लप्पानं दोन निरोप धाडले होते. हातात उरला एक रविवार.

रविवारी सकाळी रेवणसिद्ध जोत्यावर बसून स्वतःच्या दोन हातांकडं शत्रूकडं बघावं तसा बघत होता. आत शिवम्मा सुपातली डाळ निवडत होती, शेजारणीचं पोर पाळण्यात होतं आणि पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीनं ती पाळणा हलवत होती. हळूच, न थांबता. डाळही निवडली जात होती, बोलणंही चाललं होतं, आणि अंगठा आपला चालतच होता. रेवणसिद्ध उठून उभा राहिला.

शेजारणीचं पोर तिला परत गेलं आणि पाळणा कोठीत गेला. कोठी म्हणजे जोंधळ्याची पोती ठेवायची अंधारी खोली. तिच्या झरोक्यावर आणि दारावर त्यानं बिरप्पा धनगराकडून आणलेल्या काळ्या घोंगड्या ठोकल्या; बिरप्पाच्या घोंगडीतून ऊन काय, वासही आरपार जात नाही. उजेडाला स्टेशनवरून मागून आणलेला गार्डाचा लाल काचेचा कंदील. औषध रांजणातल्या गार पाण्यात कालवलं. तबक पाळण्यात ठेवून त्यानं दोरी हातात घेतली, एवढ्यात दारातून आवाज आला.

"रिकामा पाळना हलवायचा न्हाय," दोड्डव्वा म्हणाली.

"रिकामा कुटं हाय? तबक हाय की त्यात."

"तबकाला जीव हाय का?"

"पर त्यात तू असनार की, दोड्डव्वा."

दोड्डव्वानं यावर थोडा विचार केला. "मी त्यात उतरले का न्हाय, ते तुलाच अजून ठाव न्हाय. तोवर पाळना रिकामाच. लेकरांच्या घरात असलं काय बी चालायचं न्हाय."

रिकामा पाळणा हलवणं वाईट हे त्यालाही ठाऊक होतं. शाळा शिकला तरी मनातून ते जात नाही. त्यानं केविलवाण्या नजरेनं शिवम्माकडं पाहिलं.

"गुंडप्पा घालू की," शिवम्मा म्हणाली.

आमच्याकडं बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात गुंडप्पा जातो. गुंडप्पा म्हणजे चटणी वाटायचा वरवंटा. त्याला कुंची घालतात, कपाळाला विभूती लावतात, आणि बायका तो पाळण्याखालून आणि पाळण्यावरून एकमेकींच्या हातांत देतात. मग खऱ्या बाळाची पाळी. शिवम्मानं वरवंटा धुतला, आपल्या धाकट्या लेकीची जुनी कुंची त्याला घातली आणि पाळण्यात निजवला. त्याच्या वजनानं पाळण्याचा हेलकावा एकदम संथ झाला. रेवणसिद्धाला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण तेवढ्यात दोड्डव्वा म्हणाली, "गुंडप्पा घातला म्हंजी बारसं करावंच लागतंय. अर्दं सोडत न्हाईत."

आणि घरात पाळणा बांधला, गुंडप्पा सजला ही बातमी भिंतीपलीकडं गेलीच होती. शेजारच्या गिरिजाबाई दोन जावांना घेऊन आणि पातेलंभर घुगऱ्या घेऊन हजर झाल्या. तिघींनी आधी शिवम्माच्या पोटाकडं पाहिलं, मग एकमेकींकडं पाहिलं.

"कळू दिलं न्हाईस गं," गिरिजाबाई म्हणाल्या.

"बारसं फोटोचं हाय," शिवम्मानं सांगितलं.

गिरिजाबाई क्षणभर थांबल्या. पण घुगऱ्या शिजल्या होत्या, लुगडं बदललं होतं, आणि एवढ्यावरून परत फिरणाऱ्या बायका त्या गल्लीत राहत नव्हत्या.

तर त्या सहा हात लांब कोठीत पाच बायका, जोंधळ्याची नऊ पोती, एक पाळणा, एक वरवंटा आणि पोत्यांच्या मागं चेपून उभा रेवणसिद्ध. दार लावलं, घोंगडी सोडली, लाल कंदील पेटला.

"गाडी थांबली जनू," दोड्डव्वा म्हणाली.

त्या लाल उजेडात त्यानं फिल्म उलगडली, शेवटचा तुकडा अंदाजानं कापला, बाकीची फिल्म काळ्या कागदात गुंडाळून ठेवली. तुकडा औषधात बुडवला, तबक गुंडप्पाच्या पोटावर दुपट्यात नीट रोवून बसवलं, आणि एका हातात कंदील, दुसऱ्यात घड्याळ धरून तो म्हणाला, "हलव."

शिवम्मानं दोरी ओढली. गिरिजाबाईंनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. औषध तबकात या काठावरून त्या काठावर सावकाश जाऊ लागलं. एक मिनिट. दोन मिनिटं. रेवणसिद्धाला आयुष्यात प्रथमच वाटलं की आपण हुशार आहोत.

तिसऱ्या मिनिटाला गाण्यात ते कडवं आलं, ज्याला गुंडप्पा उचलायचा असतो. गुंडप्पा तबकाखाली. म्हणून गिरिजाबाईंनी आधी तबक उचललं आणि जरा धर म्हणून पलीकडच्या थोरल्या जावेकडं दिलं. आता पाळण्याच्या एका बाजूच्या बाईनं दुसऱ्या बाजूच्या बाईच्या हातात काही दिलं, की ती ते पाळण्याखालून परत देते. हे तिला कुणी सांगावं लागत नाही, आणि थांबवलं तर ऐकू येत नाही. थोरल्या जावेनं तबक पाळण्याखालून दिलं. गिरिजाबाईंनी ते वरून दिलं.

"ते न्हवं," रेवणसिद्ध म्हणाला. "अवो, ते न्हवं. गुंडप्पा. गुंडप्पा द्या."

गाणं जोरात होतं. तबक खालून गेलं, वरून आलं. जाताना पुढं कललं, येताना मागं कललं, वळताना डाव्या अंगाला, धाकट्या जावेच्या हातात उजव्या अंगाला. औषध थोडं गिरिजाबाईंच्या लुगड्यावर, थोडं पोत्यावर. कंदील टाकावा तर काळोख, घड्याळ टाकावं तर वेळ गेली, आणि पुढं जावं तर पोती. त्यानं डोळे मिटले आणि मनातल्या मनात दोड्डव्वाला निरोप दिला. पाच फेरे झाले. पाच म्हणजे पाच. चारावर थांबणाऱ्या बायका वेगळ्या.

मग तबक पुन्हा गुंडप्पावर येऊन बसलं आणि गिरिजाबाई म्हणाल्या, "नाव कोन ठेवनार?"

"मी," दोड्डव्वा म्हणाली.

ती गुडघा धरत वाकली, तबकाच्या अगदी काठाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटली. काय ते कुणाला ऐकू आलं नाही. कारण कानात नाव सांगणाऱ्या बाईच्या पाठीत बाकीच्यांनी धपाटे घालायचे असतात, आणि चौघींनी ते मनापासून घातले. दोड्डव्वाची हनुवटी तबकाच्या काठावर आपटली. तबक दणाणलं. लाल उजेडात रेवणसिद्धाला दिसलं, फिल्मच्या तुकड्यावर बसलेले पाचसहा बारीक बुडबुडे सुटले, वर आले आणि फुटले.

तो बघतच राहिला. थकलेलं औषध चारी दिशांनी हललं होतं, कुठंही फेस नव्हता, बुडबुडे गेले होते. इंग्रजी कागदात लिहिलेलं सगळं, तो कागद न वाचता, या बायकांनी घुगऱ्या गार व्हायच्या आत उरकलं होतं. आणि दुधट फिल्मवर हळूहळू काहीतरी काळं धरू लागलं होतं.

"आलं का?" शिवम्मानं विचारलं.

"बोलू नगंस," तो म्हणाला.

वेळ भरली तसा त्यानं तुकडा औषधातून उचलून पाण्यातून काढला, पक्का करायच्या दुसऱ्या औषधात टाकला, आणि तोवर बायकांनी गुंडप्पाला रीतसर खालून वरून फिरवून त्याचा राहिलेला मान दिला. मग दार उघडलं. गिरिजाबाई जावांना घेऊन लुगडं धुवायला गेल्या. जाताना सांगून गेल्या, की तुमचं पोर लई ओलं हाय.

फिल्म धुऊन रेवणसिद्धानं ती दोन बोटांत धरली आणि माजघराच्या खिडकीशी उजेडासमोर नेली. पट्टा नाही. वण नाही. ओरखडा नाही. जे आलं होतं ते अर्थात उलटं आलं होतं. फिल्मवर पांढरं ते काळं उमटतं आणि काळं ते लख्ख, आणि पुढं कागदावर छापल्यावर सगळं सरळ होतं. दोड्डव्वा घाबरू नये म्हणून हे तो तिला आधीच समजावणार होता. पण ती मागून येऊन, त्याच्या खांद्यावर हात टेकून, डोळे बारीक करून बघायलाही लागली होती.

तिनं मान आधी इकडं, मग तिकडं कलवून पाहिली.

"ही मी न्हाय," ती म्हणाली.

"दोड्डव्वा, ते असं असतंय की—"

"गप. मला शिकवू नगंस." तिचं बोट फिल्मच्या अगदी जवळ गेलं आणि न टेकता थांबलं. "ह्ये बघ काळे क्यास. ह्ये दात बघ कसे पांडरे. गोरी हाय बघ. आरं रेवण्या, ही गुरम्मा हाय."

रेवणसिद्धानं पाहिलं. काळेभोर केस, उजळ चेहरा, पांढरे दात, आणि डावी भुवई वर चढलेली, काहीतरी विचारल्यासारखी. तीस वर्षं तो मनातल्या मनात जो रंग लावायला बघत होता, तो लागला होता.

तो खिडकीखाली मटकन बसला, पण फिल्म धरलेला हात त्यानं वर उजेडातच ठेवला.

"कपाळावरची इबूती तेवडी काळी झाली बघ तिची," दोड्डव्वा म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली. "नाव सांगताना म्हनलं, माजंच नाव मीच कसं ठेवायचं? म्हून धाकट्या भैनीचं, गुरम्माचं सांगितलं. मला काय ठाव, ती ऐकल म्हून."

शिवम्मा दारात उभी होती. हातात घुगऱ्यांची वाटी होती, ती तिनं तशीच नवऱ्यापुढं ठेवली. वाटीत बाजूला चटणीही होती.

सोमवारी दोड्डव्वा गाडीनं गेली. पुढं रेवणसिद्धानं ती फिल्म छापून कागदावरची दोड्डव्वा तिला टपालानं धाडली. मल्लप्पानं फोटो बघितला आणि म्हणाला, ही रोज बघतोय की, टपालाला खर्च कशाला. फिल्म मात्र रेवणसिद्धानं दोन काचांमध्ये धरून माजघराच्या खिडकीत बसवली. मालधक्क्यावर जायच्या आधी तो रोज तिथं थोडा वेळ उभा राहतो. सकाळी ऊन आलं की आई दिसते. ऊन वर सरकलं की नुसती काच राहते, आणि मग तो डबा घेऊन कामाला जातो.